बेस जुळवायचा, पण गळा कुठून आणायचा?

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. छान! आता नकली मालावर मिरजेचं नाव लावता येणार नाही. पण इकडे जिंतुरात भंगारातून बेस गिटार जुळवायला बसलात, तर घोडं भलतीकडेच अडतं. जुन्या दाराचं सागवान बॉडीला चालतं, मोडक्या गिटारचा पिकअपही चालून जातो. खुंट्या मात्र नाही. बेसची जाड तार त्यांच्या भोकात शिरतच नाही. आणि गळा? गिटारची तार साधारण २५ इंच, बेसची ३४. ताणही जास्त. तिथे जुगाड नाही, बसलेला हात लागतो. मिरजेत तो पिढ्यानपिढ्या सतारीच्या दांडीवर बसलाय. नाव राखलं गेलं, उत्तमच. पण मराठवाड्यातल्या आयटीआयत सुतारकाम शिकणाऱ्या पोरांपर्यंत हे काम कोण नेणार?