मुलांची नवी बोली आणि एक जुना शब्द

"वह्या मिटा, पुस्तकाचं पान सदुसष्ट काढा," असं आम्ही दहावीच्या वर्गाला सांगितलं. कुणी हलेना. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीचे आकडे म्हणजे मुलांना कोडंच. पुढच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, सदुसष्ट म्हणजे किती?" आम्ही म्हणालो, "सिक्स्टी सेव्हन." झालं! अख्खा वर्ग दोन्ही तळहात तराजूसारखे वरखाली करत "सिक्स सेव्हन, सिक्स सेव्हन" ओरडायला लागला. शेजारच्या वर्गातले सर खडू हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

घरी येऊन आम्ही आमच्या अकरावीतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "अम्मी, त्याला काही अर्थ नाही. अर्थ नाही, हीच तर मजा आहे." एका अमेरिकन रॅप गाण्यातून आणि बास्केटबॉलच्या चित्रफितींतून हा आकडा जगभर पसरला, आणि डिक्शनरी डॉट कॉमनं तर २०२५ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. आम्ही बी.एड. केलं तेव्हा अशा प्रसंगी काय करायचं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं.

नौपाड्यात संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर पाच मिनिटं उभं राहावं. घंटाळीची मुलं, राबोडी-महागिरीची मुलं, मुंब्र्याहून लोकलनं आलेली मुलं, सगळ्यांची बोली एकच. "भावा, विषय हार्ड", "ब्रो, तू डेलुलु आहेस", "त्याचा ऑराच वेगळा". आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही राबोडीत उर्दूचा वर्ग घेतो, तिथेही तेच. पालकसभेला आयांची एकच तक्रार असते, "टीचर, बच्चे क्या बोलते, कुछ समझताच नै. गाली तो नै ना देते?"

नाही, बहुतेक शब्द शिव्या नाहीत. 'रिझ' म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी, 'करिझ्मा' या इंग्रजी शब्दाच्या मधला तुकडा. ऑक्सफर्डनं तो २०२३ चा शब्द ठरवला. 'डेलुलु' म्हणजे भ्रमात राहणारा. 'ब्रेन रॉट' म्हणजे तासन्‌तास रील्स बघून मेंदू सडणं. हा ऑक्सफर्डचा २०२४ चा शब्द, पण तो १८५४ साली थोरो या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकात सापडतो, तेव्हा मोबाईलला दोष देण्याआधी जरा थांबावं. आणि 'मोये मोये' आठवतं ना? २०२३ च्या शेवटी कुणाची फजिती झाली की मुलं हेच म्हणायची. ते एका सर्बियन गायिकेच्या गाण्यातून आलं, मूळ शब्दांचा अर्थ 'माझी दुःस्वप्नं'. गाण्याचं नाव मात्र आपल्या ओळखीचं निघालं, 'जानुम'! तुर्कांच्या मार्फत सर्बियात पोहोचलेली तीच ती फारसी 'जान'. एवढ्या दुःखाच्या गाण्यावर आपली पोरं हसत होती, ही गोष्ट वेगळी.

भाषा बिघडली म्हणून ओरडावं, असं आम्हांला वाटत नाही. आमच्या वेळचे शब्द तरी कुठून आले होते? 'भिडू' हा मराठी खेळातला जोडीदार. हिंदी सिनेमानं त्याला उचललं आणि जॅकी श्रॉफनं तो इतका आपलासा केला की मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन त्यांनी स्वतःच्या नावा-आवाजाबरोबर 'भिडू'वरही हक्क सांगितला. आपल्या घरातली दखनी घ्या. आमच्या माहेरी सोलापुरात 'नक्को' म्हटल्याशिवाय दिवस सरत नसे. तो मराठी 'नको' विजापूर-गोवळकोंड्याच्या शायरांनी बेधडक वापरला. उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांनी नंतर आमच्या या बोलीला नाकं मुरडली, पण १७०० साली वली दखनी दिल्लीला गेले आणि त्यांच्या गझलांनी फारसीत रमलेल्या शायरांना बोलीत लिहायची गोडी लावली, हेही तेच उर्दूवाले शिकवतात. मुळात 'उर्दू' या तुर्की शब्दाचा अर्थच छावणी. छावणीतल्या, बाजारातल्या भाषेला नावं ठेवायचा अधिकार उर्दूच्या शिक्षकाला तर मुळीच नाही.

हे सगळं मोठ्या तोऱ्यात आम्ही पालकसभेत सांगितलं होतं. एका शब्दानं तो तोरा उतरवला.

दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस होते. आम्ही जनरल रजिस्टर उघडून एकेका मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, प्रवर्ग पडताळून पाहत होतो. बाहेर व्हरांड्यात एका मुलानं केसांना लाल रंग लावला होता, त्यावरून दुसरा एक खिदळत ओरडत होता, "ए छपरी! छपरी!" हा ओरडणारा मुलगा वर्गातला सगळ्यांत बडबड्या, मनानं चांगला. आमचं बोट योगायोगानं त्याच्याच ओळीवर होतं. तिथे लिहिलं होतं, 'मुस्लिम छप्परबंद, वि.जा. (अ)'.

तो ज्या शब्दानं दुसऱ्याला हिणवत होता, तो शब्द आणि त्याची जात एकाच छपराखाली उभी होती. आणि त्याला पत्ता नव्हता.

'छपरी' आता सगळ्यांच्या तोंडी आहे. भडक कपडे, रंगवलेले केस, बाईकवरच्या करामती, स्वस्तातली रील, असं काही दिसलं की छपरी. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या मुंबईचा कर्णधार झाला तेव्हा वानखेडेवर हुर्यो उडाली आणि मोबाईलवर हाच शब्द फिरत राहिला. मराठीत छपरी म्हणजे घरापुढची लहान पडवी, साधं छप्पर, आणि छपरी पलंग तर बड्या घरातला. शिवी झालेला शब्द थेट छप्परबंद जमातीच्या नावावरून आला की गवताच्या छपराखाली राहणाऱ्यांवरून, यावर एकमत नाही. पण दोन्ही वाटा एकाच दाराशी जातात.

छप्परबंद ही आपल्याच महाराष्ट्र-कर्नाटकातली मुसलमान जमात. मोगल फौजेबरोबर दख्खनमध्ये आले आणि छावणीतल्या झोपड्यांवर छप्परं शाकारू लागले, अशी त्यांची कहाणी सांगितली जाते. म्हणजे ज्या छावणीचं नाव आम्ही अभिमानानं आमच्या भाषेला लावतो, तिच्यावर छप्पर घालणारे हे लोक. पुढे इंग्रजांनी खोटी नाणी पाडणारे म्हणून अख्ख्या जमातीवर शिक्का मारला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नंतर मुंबई इलाख्यातही आला आणि त्यात जन्मलेलं पोर जन्मतःच संशयित ठरलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, त्यावरून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत, त्या प्रवर्गाला तीन टक्के आरक्षण आहे. कागदावर सुटका झाली. व्हरांड्यात मात्र काय चाललं होतं?

त्या रात्री जेवताना आमच्या मुलानंही कुणाला तरी छपरी म्हटलं. आम्ही ताडकन बोललो, "हा शब्द या घरात नको." त्यानं शांतपणे घास गिळला आणि म्हणाला, "अम्मी, तू मला 'झोपडपट्टीसारखा वागू नकोस' म्हणतेस, ते चालतं?"

त्याचे अब्बा पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसले, ते हसू लपवायला. आम्हांला काही सुचलं नाही. खरंच म्हणतो आम्ही. टीचर्स रूममध्ये 'मुंब्र्याची पोरं' असं एका विशिष्ट सुरात म्हटलं जातं, तेव्हाही आम्ही चहा पीत बसलेलो असतो. एकमेकांना टोपणनावांनी हिणवू नका, हा सूरह अल-हुजुरातमधला हुकूम आम्ही राबोडीच्या मुलांकडून पाठ करून घेतला आहे. पाठ करून घेणं सोपं असतं. पुण्याच्या ताडीवाला रोडवरून आलेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला आणि त्याचं 'बस्ती का हस्ती' पोरांच्या तोंडी बसलं, तेव्हा 'काय ही भाषा' म्हणून आम्हीच टीव्ही बंद केला होता. बस्ती हा शब्द तो मिरवत होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

आता प्रश्न होता त्या मुलाचा. वर्गात छप्परबंदांची गोष्ट सांगावी तर उद्या कुणाच्या हाती त्याचा दाखला पडला की तोच हसू होणार. न सांगावी तर तो तेच ओरडत फिरणार, आणि एक दिवस हे त्याला कुणीतरी कुत्सितपणे सांगणार. आम्ही जवळजवळ तीन आठवडे गप्प राहिलो. खरं सांगायचं तर भित्रेपणाच होता तो. शेवटी फॉर्मवर सही घ्यायला त्याला एकट्याला बोलावलं, रजिस्टरची ओळ दाखवली आणि वर लिहिलेलं सगळं त्याला सांगितलं, नाण्यांचा शिक्कासुद्धा.

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टीचर, मला वाटलं ते आडनावासारखं काहीतरी असेल."

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तो परत आला. घरी दादांना, म्हणजे आजोबांना, विचारलं म्हणाला. दादांना फार माहीत नव्हतं. विजापूरकडे त्यांचं गाव होतं, आणि लहानपणी कुणी जात विचारली की गप्प बसायचं, एवढं त्यांना आठवत होतं. "छप्पर शाकारता येतं का, असं पण विचारलं मी," तो म्हणाला. "दादा हसले. म्हणाले, बेटा, आपल्या घरावर पत्रा आहे, आणि तो पण गळतो."

वर्गात सांगू का, असं आम्ही त्याला विचारलं. "सांगा. माझं नाव नको." मासिकात लिहू का, तेही विचारलं. त्यावर त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "लिहा. पण टीचर, मी पण म्हणायचो, ते पण लिहा."

मग एका शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्ही सांगितलं. चाळीस मुलांपैकी दहा-बारांनी ऐकलं असेल, बाकीची घड्याळाकडे बघत होती. लाल केसांच्या मुलानं मात्र हात वर केला आणि विचारलं, "टीचर, बोर्डाच्या पेपरला विमुक्त जाती येतं का?" आम्ही म्हणालो, नाही. त्यानं तरी वहीच्या शेवटच्या पानावर १९५२ लिहून घेतलं.