उंचावरची बादली, घरचा शॉवर

मैत्रिणींनो, गुडघे धरले की सगळ्यात आधी जड जाते ती आंघोळ. पाटावर बसायचे, वाकून तांब्या भरायचा, डोक्यावरून ओतायचा. मग सासूबाईंना न्हाणीघरात सुनेची मदत घ्यावी लागते, आणि बोलून दाखवले नाही तरी ते त्यांच्या मनाला लागतेच. त्यांची आंघोळ त्यांच्याच हाती राहावी म्हणून हा साधा शॉवर करून पाहा.

याला वीज नको, पंप नको. कासचे पाणी साताऱ्याला उताराने येते. सांगलीत कृष्णेचे पाणी उपसून उंच टाकीत चढवतात, पण तिथून घरोघर ते उंचीमुळेच उतरते. आपली टाकी म्हणजे झाकणाची १५ लिटरची बादली.

हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची टँक निपल, दोन रबरी वॉशर, कॉक, दीड हात लवचिक नळी आणि मोठ्या भोकांचा हातात धरायचा शॉवर आणा. बादलीच्या तळापासून दोन बोटे वर, निपल बसेल एवढेच भोक ड्रिलने पाडून घ्या. आतून-बाहेरून वॉशर घालून चेकनट आवळा. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळून कॉक लावा, पुढे नळी आणि शॉवर जोडा.

आता नीट लक्ष द्या. भरलेली बादली १५ किलोच्या वर जाते. ती नळाला किंवा खिळ्याला मुळीच टांगू नका. भिंतीत लोखंडी अँगल पक्के बसवून, साडेचार फुटांवर कडप्प्याची फळी टाका. खाली न घसरणारे स्टूल, हाताशी धरायला दांडी हवीच.

पाणी खालच्या बादलीतच कोमट करा, कोपराने अंदाज घ्या आणि मग तांब्याने वर ओता. कढत पाणी वर चढवू नका. हीटरचा रॉड तर या बादलीत कधीच घालू नका.

साबण लावताना कॉक बंद ठेवला की एका बादलीत स्वच्छ आंघोळ होते. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज ओततो. माण-खटाव किंवा जत-आटपाडी जिचे माहेर, तिला या हिशेबाचे मोल सांगायला नको!

बोअरच्या पाण्याने शॉवरची भोके पांढरी होऊन बुजली, तर तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आंघोळीनंतर उरलेले पाणी काढून टाका आणि झाकण लावा, म्हणजे डास होणार नाहीत.

पहिल्या दिवशी तुम्ही फक्त दाराबाहेर उभ्या राहा. कडी मात्र आतून लावू देऊ नका.