भगवा भगवाच दिसू द्या

२ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७. नाशिकच्या सिंहस्थातल्या अमृतस्नानाच्या या तारखा आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांनी वहीत मांडून ठेवल्या असतील. तयारीची बोलणी निघाली की ड्रोनची परवानगी, जादा बॅटऱ्या, मेमरी कार्ड, पावसाचे कव्हर या गोष्टी आधी येतात. व्हाइट बॅलन्सचे नाव कुणी काढत नाही, कारण ते काम कॅमेरा ऑटोवर सांभाळून घेतो असा समज आहे. एका हॉलमधल्या एका रिसेप्शनला हा समज खपून जातो. रामकुंडावर तो अंगाशी येईल.

पर्वणीच्या सकाळचा प्रकाशच बघा. आखाड्यांच्या मिरवणुका उजाडायच्या आत निघतात. रस्त्यावर एलईडीचे फ्लडलाइट, त्यांतल्या स्वस्त दिव्यांना हिरवट झाक. एखाद्या गल्लीत जुना सोडियमचा दिवा, जेमतेम २००० केल्विनचा. झुंजुमुंजू होताना आकाशाचा निळा प्रकाश १०,०००च्याही वर जातो. ऊन पडले तर ५५००, पण तारखा भर पावसाळ्यातल्या आहेत, तेव्हा ढगाखालचे ६५०० ते ७००० गृहीत धरलेले बरे. वाटेत मांडव लागला की कापडातून गाळून येणारा केशरी उजेड वेगळाच. आणि हे सगळे दोन-तीन तासांत, चालता चालता.

अशा वेळी ऑटो काय करतो? त्याचे मूळ गणित साधे आहे : चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यावी. अलीकडचे कॅमेरे याहून हुशार झाले आहेत, तरी कल तोच. निशाणे, छाट्या, झेंडूच्या माळा यांनी चौकट भरली की प्रकाशच पिवळा आहे असे त्याला वाटते आणि तो निळा वाढवतो. भगवा मळकट होतो, चेहरे उतरतात. कॅमेरा तिथून पाण्याकडे वळला की रंग पुन्हा सरकतो, तोही चालू शॉटमध्ये. नंतर तो शॉट सुधारायला एडिटर रात्रभर बसतो. हळदीच्या कार्यक्रमातही हेच होते. पिवळा पडदा, पिवळ्या साड्या, अंगभर हळद. ऑटो नेमकी हळदच धुऊन काढतो.

आमचे म्हणणे एवढेच : प्रकाशाचा दोष काढा, प्रसंगाचा रंग ठेवा. यातले काय दोष आणि काय रंग हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते कॅमेऱ्यामागच्या माणसाने ठरवायचे असते.

ठरवायचे कसे? आधी एक्स्पोजर, मग व्हाइट. पांढरा जळालेला असेल तर कॅमेऱ्याला त्यात रंग सापडतच नाही. व्हाइट घेण्याचे करडे कार्ड आपल्या हातात धरू नका. ज्या जागी चेहरा येणार, त्या जागी, त्याच उजेडात धरा. कागद किंवा धोतर-उपरणे यांवर विसंबू नका. झेरॉक्सच्या कागदात चकाकी आणणारी रसायने असतात, धुतलेल्या कपड्यात नीळ असते. दोन्ही डोळ्याला शुभ्र दिसतात, पण निळसर असतात, आणि त्यांवर व्हाइट घेतला की सगळे चित्र पिवळे पडते. त्र्यंबकला शैव आखाड्यांचे भस्म चौकटीत असेल तेव्हा ही चूक लगेच उघडी पडते, कारण राखेच्या करड्या रंगात जरासाही डाग लपत नाही.

कॅमेऱ्यावर ए आणि बी अशा दोन जागा असतील, तर एकीत फ्लडलाइटचा आणि दुसरीत ढगाळ उजेडाचा व्हाइट आधीच भरून ठेवा; बदल दोन शॉट्सच्या मधे करा. मांडवाच्या केशरी उजेडावर व्हाइट घेऊ नका, नाहीतर मांडवाबाहेरचे जग निळे पडेल. गोदाआरतीला दिव्याच्या ज्योतीवरही घेऊ नका. ज्योत १९००च्या आसपास असते. कॅमेरा ३२००वर ठेवला तर सोनेरीपणा टिकतो. मिश्र उजेडात सगळ्यांचे समाधान होत नाही. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश धरा, बाकीचे सोडून द्या. सोडियमच्या दिव्याखाली फार अपेक्षा ठेवू नका. ज्या प्रकाशात निळा जवळपास नाहीच, त्यातून तो कोणताही कॅमेरा उपजवू शकत नाही.

‘नंतर ग्रेडिंगमध्ये करू’ हे उत्तर आम्हाला माहीत आहे. रॉ चित्रण असेल तर ते खरेही आहे. पण आपले बरेचसे काम ८ बिटचे. त्यात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. निळा जास्त ओढला की त्वचेवर पट्टे उमटतात. लॉगमध्ये चित्रण केले म्हणून ते रॉ होत नाही, व्हाइट बॅलन्स त्यातही शिजूनच येतो. आणि स्क्रीनवर लाइव्ह जाणाऱ्या चित्राला ‘नंतर’ नसतेच.

लाइव्हमध्ये आणखी एक अडचण. चार वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे ५६००वर ठेवले तरी चित्रे चार रंगांची येतात. म्हणून नुसता आकडा जुळवून भागत नाही. सर्वांनी एकाच कार्डावर, एकाच उजेडात व्हाइट घ्यायचा आणि स्विचरवर शेजारी शेजारी पाहायचा. ड्रोन आणि मोबाइल यांचा ऑटो लॉक करायचा.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३मध्ये दादासाहेब फाळके नाशिकला आले. त्या काळी वापरात असलेली फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती; कुंकू पडद्यावर काळे दिसे. त्या पिढीला रंगभूषा आणि कपडे फिल्मला काय दिसते ते पाहून निवडावे लागत. आपल्या सेन्सरला सगळे रंग दिसतात, म्हणून यंत्राची खोड ओळखण्याचे ते काम आपण सोडून दिले आहे.

पर्वणीच्या पहिल्या तालमीला प्रत्येक टीमने एक करडे कार्ड, ठरलेले आकडे लिहिलेला कागद आणि प्रत्येक ठिकाणच्या सुरुवातीला कार्डाचा पाच सेकंदांचा शॉट, एवढी शिस्त लावून घ्यावी. खर्च काही शे रुपयांचा आहे. भाविकाला केल्विन कळत नाही, पण आपल्या आखाड्याच्या निशाणाचा रंग त्याला पाठ असतो, आणि आपल्या कामाला मार्क तोच देणार आहे.