भाताचे बी कुणाच्या घरात?

आठवीतल्या एका मुलीने परवा वर्गात विचारले, “टीचर, तांदळात डुकराचा जीन घालतात म्हणे. मग घरी भात खायचा की नाही?” मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. तोच मेसेज आमच्याही घरी आला होता आणि सासूबाईंनी दोन दिवस पुलाव केला नव्हता.

खरे काय ते असे. जनुक बदललेले एकच पीक आपल्या देशात शेतकऱ्यांच्या शेतांत सर्रास आहे, ते म्हणजे २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस. त्यातला जीन मातीतल्या एका जीवाणूचा. सेंद्रिय शेतीवाले अळीसाठी हाच जीवाणू फवारतात, हे बहुतेकांना माहीत नसते. त्याच कापसाच्या सरकीचे तेल आपल्या फरसाणातून कधीचेच पोटात गेले आहे! जालन्याच्या महिको कंपनीचे बीटी वांगे मात्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवले. बांगलादेशाने तेच २०१३ मध्ये मंजूर केले. मे २०२५ मध्ये आपल्याकडे तांदळाचे दोन नवे वाण जाहीर झाले. त्यांत दुसऱ्या कुणाचा जीन नाही, भाताच्याच जीनमध्ये फेरफार आहे. ते दीर्घकाळात कसे ठरतील, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण डुक्कर त्यात कुठेही नाही.

आमच्या मुळशीतली काळजी वेगळीच. इथला आंबेमोहोर शिजला की वास शेजारच्या घरी कळायचा. तो आता खाचरांतून जवळजवळ गेला, आणि कुठल्या जीनने घालवला नाही. तो उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारा कमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. तो भरघोस आला, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय इंद्रायणीचे बी घरचे धरता येते. संकरित बीटी कापसाचे तसे नाही, दरवर्षी पिशवी विकत आणावी लागते. आम्हाला प्रयोगशाळेपेक्षा या पिशवीची भीती जास्त वाटते.

आम्ही मुलांना घरी विचारून यायला सांगितले, “यंदाचे भाताचे बी कुठून आणले?” बहुतेकांचे उत्तर एकच, दुकानातून. ‘सेंद्रिय तांदूळ’ अशी पाटी लावून रस्त्याकडेला विकणाऱ्या घरचा मुलगाही तेच म्हणाला.

प्रश्न विचारणारी मुलगी मात्र रुमालात मूठभर भात बांधून आली. तिचे नाना दोन गुंठे आंबेमोहोर लावतात, फक्त घरापुरता. “नाना म्हणाले, ईदच्या खिरीला दुसरा तांदूळ चालत नाही.” ती मूठ आम्ही बरणीत ठेवली आहे. जूनमध्ये शाळेमागे रोप टाकायचे ठरले आहे, आणि ते कसे टाकायचे हे शिकवायला नाना येणार आहेत.