बालकेही खेडे घटक धरूनच मोजा!

ग्रहणात सुनेने भाजी चिरली म्हणून नातवाचा ओठ दुभंगला, असे मानणारी घरे आमच्या सीमाभागात आजही आहेत. परंतु त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार सरकारला केव्हा? खरे कारण शोधण्याची तसदी त्याने स्वतः घेतली असेल तेव्हाच.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध निर्धोक म्हणून विक्रीस आले. १९६१ च्या नोव्हेंबरात डॉ. विडुकिंड लेंझ यांच्या इशाऱ्यानंतर ते मागे घेतले गेले, तोवर अनेक देशांत मिळून सुमारे १०,००० बालके व्यंग घेऊन जन्मास आली होती. प्रत्येक डॉक्टराने आपल्यापुढचे एक मूल पाहिले; बेरीज करणारा कोणी नव्हता. या धड्यातूनच नोंदवह्या उघडल्या. १९७९ साली सुरू झालेली युरोपातील 'युरोकॅट' मृतजात अर्भके आणि व्यंगापायी केलेले गर्भपातही मोजते.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालके तपासली जातात. त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु तपासणी म्हणजे देखरेख नव्हे. जे मूल जगलेच नाही त्याची तपासणी कोण करणार? मज्जारज्जूच्या व्यंगाचे मूल झालेल्या मातेने पुढील गर्भधारणेपूर्वीच फॉलिक अॅसिड सुरू केल्यास तोच घाला पुन्हा पडण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ सालीच सिद्ध झाले. पण ती माता कोणत्या गावी आहे, हेच ठाऊक नसेल तर गोळी पोचणार कोठे?

सीमाभागात तर दुहेरी अंधार. बेळगाव तालुक्यातील सून बाळंतपणास चंदगडला माहेरी जाते आणि कायद्याने जन्मनोंद जन्मस्थळीच होते. मूल महाराष्ट्राच्या वहीत, आईची विहीर आणि शेत कर्नाटकात! एकाच गावात तेच व्यंग पुन्हा पुन्हा उद्भवले, तरी ते दोन राज्यांच्या कागदांत विखुरते आणि जिल्ह्याच्या सरासरीत बुडते. सरासरीखाली माणसे कशी गाडली जातात, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. खेडे घटक धरा, हीच तर आमची जुनी मागणी!

म्हणून दोन्ही राज्यांनी मातेच्या राहत्या गावावरून एकच संयुक्त नोंदवही ठेवावी, मृतजात अर्भकेही तीत लिहावीत आणि मातेला तिच्याच भाषेत प्रश्न विचारावेत. सीमा सुटेल तेव्हा सुटेल. गर्भाची मज्जानलिका २८ दिवसांत मिटते. ती कोणत्याही दाव्याच्या तारखेसाठी थांबत नाही.