पडद्यावरील कसब

अलीकडे बहुतेक सुशिक्षित घरांतून एकच वाद ऐकू येतो. नातू मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळत बसतो. आजोबा त्यास काळाचा अपव्यय म्हणतात. नातू उत्तर देतो की, याच खेळाने माझी बुद्धी तरतरीत होते. उभय पक्ष आपापले म्हणणे ठासून सांगतात, पण पडताळून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. म्हणून हा विषय या महिन्यात आम्ही हाती घेतला आहे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयी येथे आम्हांस काही म्हणावयाचे नाही. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टात संमत केला, हे योग्यच झाले.

नातवाच्या पक्षास पुरावा अगदीच नाही असे नाही. न्यूयॉर्क येथे ३३ शस्त्रवैद्यांची पाहणी करण्यात आली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. जे वैद्य पूर्वी आठवड्यास तीन तासांहून अधिक असे खेळ खेळले होते, त्यांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावकामात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि कामही २७ टक्के लवकर उरकले. याचे कारण उघड आहे. या शस्त्रक्रियेत वैद्य आपल्या हाताकडे पाहतच नाही. लहानशा छिद्रांतून हत्यारे आत जातात आणि वैद्याची दृष्टी समोरच्या पडद्यावर असते. खेळणाऱ्या मुलाचे डोळे व बोटे तरी दुसरे काय करतात? आता, खेळाने हात तयार झाला की मुळात ज्यांचा हात चांगला तेच खेळाकडे वळले, ही शंका अशा पाहणीने फिटत नाही. परंतु इस्रायलमध्ये वैमानिकीचे शिक्षण घेणाऱ्या उमेदवारांना संगणकावरील एका खेळाचा दहा तास अभ्यास देण्यात आला, आणि पुढे प्रत्यक्ष उड्डाणात ते इतरांहून सरस ठरले, असे १९९४ साली प्रसिद्ध झाले आहे. तो खेळ त्यांना नुसता खेळावयास दिला नव्हता. एकाच वेळी अनेक गोष्टींवर अवधान कसे वाटून द्यावे, हे त्यातून मुद्दाम शिकविले होते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आमच्या वाचकांना महाभारतातील नलोपाख्यान परिचित आहेच. रथ भरधाव चालला असता ऋतुपर्ण राजाने वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाची पाने व फळे नुसत्या नजरेने मोजून संख्या सांगितली. प्राचीन काळी फासेही बेहड्याच्या फळांचेच असत; तेव्हा द्यूतातली गणनशक्ती झाडावर चालली, यात नवल नाही. आम्हांस कौतुक वाटते ते नलाचे. राजाला विदर्भास पोहोचण्याची घाई होती. तरी सारथ्याचा वेष घेतलेल्या नलाने रथ थांबविला, झाड पाडले, फळे मोजली, संख्या जुळली, आणि मग त्याने ती विद्या मागून घेतली.

नलासारखे मोजून पाहिले म्हणजे कसबाची मर्यादाही कळते. अमेरिकेतील चेस व सायमन या दोघा शास्त्रज्ञांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंची परीक्षा घेतली. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद दाखविली, तर निष्णात खेळाडूला ती बहुतेक जशीच्या तशी आठवे. तीच मोहरी कशीही विखरून ठेवली, की त्याची स्थिती नवशिक्याहून फारशी बरी राहत नसे. म्हणजे वाढली होती ती सर्वसाधारण स्मरणशक्ती नव्हे, तर बुद्धिबळाची ओळख. ‘अमुक खेळाने बुद्धी वाढते’ असे सांगून माल खपविणाऱ्यांनी हे वाचले नसावे.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या धाकट्या बंधूंचा सोळा वर्षांचा नातू आम्हांबरोबर आहुप्यास आला होता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर हे महादेव कोळ्यांचे गाव आहे. येथील देवराई प्रसिद्ध आहे. हिरड्याचे रान आहे. घाटाची वाट कड्यावरून खाली मुरबाडकडे उतरते. गावातील एक पोरगा वाट दाखविण्यास बरोबर होता. आम्ही कड्यापर्यंत जाऊन परतलो, तोच धुके दाटले. एका फाट्यावर आम्ही थबकलो असता आमचा नातू म्हणाला, “आजोबा, येताना ते वाकडे झाड उजवीकडे होते; आता डावीकडे ठेवायचे.” गावच्या पोराने मान डोलविली. युद्धाच्या खेळात नकाशा व खुणा ध्यानात ठेवाव्या लागतात, ती सवय येथे कामास आली, हे कबूल केले पाहिजे.

पण पन्नास पावलांवर हाच नातू ओल्या कातळावर झपाट्याने पाय टाकणार, तोच गावच्या पोराने त्याचा दंड धरला. “दादा, तिथं पाय देऊ नका, शेवाळ आहे.” त्या पोराने असे खेळ फारसे खेळलेले नव्हते. त्याने हिरड्याच्या फांद्या मात्र पुष्कळ पारखल्या आहेत. कोणती फांदी भार घेईल, हे त्याच्या तळपायाला कळते. पडद्यावर पडले तर पुन्हा प्राण मिळतो. म्हणून तेथे हजार वेळा चुकून शिकता येते, आणि म्हणूनच पडण्याची किंमत तेथे कधी कळत नाही.

घरी परतल्यावर नातवाने आणखी एक दावा मांडला. एका खेळात तो अख्ख्या नगराचा जमाखर्च चालवितो म्हणे. थोरल्या सूनबाईंनी वाद न घालता महिन्याच्या किराण्याची वही त्याच्या पुढे ठेवली. पहिल्या महिन्यात बावीस तारखेलाच तेल संपले, कारण मध्यंतरी पाहुणे आले होते, आणि त्याच्या नगरात न सांगता पाहुणे येत नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्याने दोन पिशव्या राखून ठेवल्या आणि साखरेत सव्वाशे रुपयेही वाचविले. वही अद्याप त्याच्याकडेच आहे. मोबाइल रात्री नऊनंतर सूनबाईंकडे असतो.