उपासापलीकडचे रताळे

महाशिवरात्रीला छत्तीसगडमधल्या देवबलोद्याच्या महादेवाची जत्रा भरते, त्या दिवशी जवळच्या चरोद्यातल्या मराठी घरांत रताळ्याचा कीस परतला जातो. उपासापुरते आठवणारे हे कंद रोजच्या ताटात यावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘इंदिरा मधुर’सारखे रताळ्याचे वाण दिले, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचा ‘भू सोना’ कापला की आत गाजरासारखा केशरी गर दिसतो. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. शरीरात त्याचेच अ जीवनसत्त्व होते. पांढऱ्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन नावापुरतेच. आफ्रिकेत केशरी रताळे रुजवणाऱ्या शास्त्रज्ञांचा २०१६ साली जागतिक अन्न पुरस्काराने गौरव झाला.

केशरी रंग, भरघोस उतारा आणि पिठूळ चव एकाच वाणात आणणे सोपे नाही. पण एकदा साधले की काम हलके होते. रताळे वेलीच्या तुकड्यांनी लागते, म्हणून गुण जसेच्या तसे उतरतात. शेजाऱ्याला चार वेल दिले की वाण पसरला.

यंदा बाजारात केशरी रताळे आवर्जून मागा. मागणी वाढली, तरच शेतकरी ते लावील.